कोकणच्या खाडीसाठी पहिला फ्लाय सेट: कमी पैशांत काय घ्यावं आणि कोणत्या क्रमानं

फ्लायनं, म्हणजे गळावर पिसं-तंतू बांधून केलेल्या हलक्या नकली आमिषानं, गरवायला सुरुवात करणारे बहुतेक लोक सामान उलट्या क्रमानं घेतात. आधी आवडलेला रॉड, मग त्यावर बसेल ते रील, उरलेल्या पैशांत मिळेल ती लाइन, आणि कुठल्या पाण्यात, कुठल्या माशासाठी हा विचार सगळ्यात शेवटी. सेट पहिल्या दिवशी भाट्याच्या खाडीवर जातो, लाइन दहा मीटरच्या पुढे जात नाही, आणि फ्लाय आपल्या किनाऱ्यावर चालतच नाही असा निष्कर्ष निघतो.

क्रम इतका महत्त्वाचा का, हे फेकण्याच्या तत्त्वावरून कळतं. नेहमीच्या गरीत शिसं किंवा जड आमिष पुढे जातं आणि तंगूस त्याच्या मागे ओढला जातो. फ्लायला स्वतःचं वजन जवळपास नसतं. इथे लाइन जड असते, फेकली जाते ती लाइन, आणि फ्लाय तिच्या टोकाला बांधलेला असल्यामुळे सोबत जातो. म्हणून मासा फ्लायचा आकार ठरवतो, फ्लाय लाइनचं वजन ठरवतो, लाइन रॉड ठरवते आणि रील सर्वांत शेवटी येतं. खाली हाच क्रम धरला आहे.

## पैसे कुठे घालायचे

एकूण बजेटचे शंभर भाग धरले तर रॉडला ३५, लाइनला २५, रीलला २०, फ्लाय, लीडर (लाइन आणि फ्लाय यांमधला तंगूस) आणि बॅकिंगला (लाइनच्या मागे रीलवर राहणारा राखीव दोरा) १२, आणि पक्कड, चष्मा वगैरेला ८ अशी वाटणी ठेवा. दुकानातल्या तयार कॉम्बोत बहुतेकदा सगळ्यात निकृष्ट वस्तू लाइनच असते. त्यामुळे कॉम्बो घेतलाच, तर चांगल्या लाइनचे पैसे वेगळे काढून ठेवूनच घ्या.

सावधान: "बिगिनर कॉम्बो" या नावानं सर्वाधिक दिसणारे सेट ५ किंवा ६ नंबरचे असतात (नंबर लाइनच्या वजनाचा, टप्पा २ पाहा). हिमाचलमधल्या तीर्थनसारख्या थंड नदीतल्या ट्राउटसाठी ते योग्य आहेत. खारं पाणी, वारा आणि जिताडा यांपैकी कशाचाच हिशेब त्यात धरलेला नसतो.

बजेट एवढं ताणूनही पुरत नसेल, तर अर्धामुर्धा फ्लाय सेट घेऊ नका. त्याच पैशात चांगला स्पिनिंग सेट (नेहमीच्या गरीचा) येतो आणि तो किनाऱ्यालगतच्या शहरांत सहज मिळतो. स्पिनिंगवर खाडी ओळखीची करून घ्या आणि फ्लायसाठी पैसे साठवत राहा.

## टप्पा १: पाणी आणि मासा ठरवा

पहिल्या वर्षासाठी खाडीचा आतला भाग निवडा: दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, कर्ली, जिथे जवळ पडेल तिथे. कांदळवनातून निघणारे ओहोळ ओहोटीला जिथे खाडीत पडतात, त्या तोंडांशी बारा ते पंधरा मीटरची फेक पुरते. कांदळवनामुळे वारा अडतो आणि लाटा लाइन गुंडाळत नाहीत. पुळणीवरून लाटांच्या पलीकडे फेकणं किंवा खडपावरून वाऱ्यात फेकणं हे दुसऱ्या वर्षाचं काम.

या पाण्यात फ्लायवर धावणारे मासे म्हणजे जिताडा (दक्षिणेकडे खजुरी), तांबोशी, लहान कोकर आणि दगडांजवळचा हेकरू. हे सगळे दबा धरून किंवा पाठलाग करून कोळंबी आणि बोयट (लहान बोय) खाणारे आहेत. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असते आणि तोंड खरबरीत असतं. तांबोशी फ्लाय घेताक्षणी मुळांत किंवा दगडात शिरते. पुढे लीडर आणि रॉड निवडताना या दोन गोष्टी विसरायच्या नाहीत.

इथे होणारी नेहमीची चूक बोयांची आहे. खाडीत बोय उड्या मारताना दिसतात, म्हणून त्यांच्यावर फ्लाय टाकत बसतात. बोय मुख्यतः शेवाळ आणि गाळातला बारीक चारा खातात, फ्लायकडे क्वचितच वळतात. बोयांचा थवा एकदम फुटून पळाला तर मात्र तिथेच फ्लाय टाका, कारण खालून कोणीतरी त्यांच्या मागे लागलेलं असतं.

हंगामही याच टप्प्यावर पाहा. पावसाळ्यात नद्या लाल गढूळ पाणी आणतात आणि माशाला फ्लाय दिसत नाही. पाणी निवळतं साधारण ऑक्टोबरपासून. सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात, दुपारी समुद्राकडून खारे वारे चढतात. नवशिक्यानं पहाटे ते साडेनऊ-दहा हीच वेळ धरावी.

तपासणी: पुढे जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: जागा, मासा, आणि तिथे लागणाऱ्या फ्लायची लांबी. जागा मालवणजवळ असेल तर १९८७ मध्ये जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याची हद्द कुठे येते हे वनविभागाकडे आधी विचारा.

## टप्पा २: लाइनचा नंबर

फ्लाय लाइनला नंबर असतो आणि तो वजनाचा असतो. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं, म्हणजे ९.१४ मीटरचं वजन त्यातून कळतं. ५ नंबरचं वजन सुमारे ९.१ ग्रॅम, ६ चं १०.४, ८ चं १३.६ आणि १० चं १८.१ ग्रॅम.

खाडीत लागणारा फ्लाय अडीच ते चार इंचांचा असतो, बऱ्याचदा डोळ्यांच्या जागी धातूचे मणी असलेला. ५ नंबरची लाइन तो नेऊ शकत नाही. मागे झेपावताना फ्लाय खाली पडतो आणि पुढे येताना डोक्याच्या मागच्या बाजूला लागतो. १० नंबर तो सहज नेतो, पण तासाभरात खांदा भरून येतो आणि चुकीची ढब लागते. आमचं मत स्पष्ट आहे: कोकणात पहिला सेट ८ नंबरचाच घ्यावा. ६ नंबर लहान कोकरासाठी आणि निवांत सकाळसाठी मजेचा आहे, पण तो दुसरा सेट म्हणून.

## टप्पा ३: लाइन घेणं

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे.

पाकिटावर तीन गोष्टींचा एक संकेत असतो. "डब्ल्यूएफ-८-एफ" यातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ वजन पुढच्या भागात, ८ हा नंबर, आणि शेवटचं एफ म्हणजे तरंगणारी. शेवटी आय असेल तर ती पाण्याच्या जरा खाली हळूहळू बुडत जाणारी, एस असेल तर सरळ बुडणारी. पहिली लाइन डब्ल्यूएफ-८-एफ घ्या. उथळ खाडीत वजनदार फ्लाय स्वतःच खाली जातो, आणि तरंगणारी लाइन पाण्यावरून उचलून पुन्हा फेकणं सोपं असतं. डीटी लिहिलेली लाइन दोन्ही टोकांना सारखी निमुळती असते. ती लांब फेकीसाठी नाही, स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

यानंतरचा शब्द पाकिटावर शोधायचा तो "ट्रॉपिकल". थंड पाण्यासाठीच्या लाइनवरचं आवरण मऊ ठेवलेलं असतं. आपल्या उन्हात ते आणखी मऊ पडतं, लाइन लिबलिबीत होते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि पुढे सरकतच नाही. पहाटे ठीक चाललेली लाइन दहा वाजता अचानक जाईनाशी झाली तर दोष हाताचा नसतो, आवरणाचा असतो. ट्रॉपिकल लाइनचा गाभा कडक आणि आवरणही कडक असतं. तिचा एक तोटा आहे: गार सकाळी ती रीलवरून वेटोळी होऊनच निघते. उपाय साधा आहे. गरवायला सुरुवात करण्याआधी पंधरा-वीस मीटर लाइन काढून एकेक हात लांबीचा भाग दोन्ही हातांनी सावकाश ताणा.

रंग पिवळा, केशरी किंवा फिकट हिरवा, जो तुम्हाला स्वतःला पाण्यावर दिसेल तो. माशापासून लाइन लपवण्याचं काम लीडर करतो. दोन्ही टोकांना तयार फास असेल तर जुळणी सोपी जाते.

तपासणी, आणि ही टाळू नका: स्वस्त लाइनवरचा नंबर बऱ्याचदा खरा नसतो. अगदी पुढचा सरळ, एकाच जाडीचा छोटा तुकडा सोडून तिथून ९.१४ मीटर मोजा. तेवढा भाग वेटोळा करून ग्रॅमचा दशांश दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा, उरलेली लाइन काट्याला टेकू देऊ नका. ८ नंबरसाठी १३.१ ते १४.१ ग्रॅम ही मान्य मर्यादा. काही कंपन्या नवशिक्यांसाठी मुद्दाम अर्धा ते एक नंबर जड बनवतात. १५ ग्रॅमपर्यंत भरली आणि पाकिटावर तसं लिहिलं असेल तर चालेल. ११ ग्रॅम भरली तर ती परत करा, त्या लाइननं चांगला रॉडही मेलेला वाटेल.

## टप्पा ४: रॉड

९ फूट, ८ नंबर, चार तुकड्यांचा, मध्यम-जलद ताकदीचा ग्रॅफाइट रॉड. "एक्स्ट्रा फास्ट" असं लिहिलेले रॉड टाळा. ते अचूक वेळ साधणाऱ्या हातासाठी असतात, शिकणाऱ्याला त्यांत लाइनचं वजन जाणवत नाही. मॅक्सकॅचसारख्या परवडणाऱ्या कंपन्यांचे खाऱ्या पाण्यासाठीचे रॉड या कामाला पुरेसे आहेत. ऑनलाइन घेताना वर्णनात "सॉल्टवॉटर" हा शब्द आहे का ते पाहा, आणि बाहेरून मागवत असाल तर सीमाशुल्क धरूनच भाव मोजा.

दुकानात किंवा पार्सल उघडल्यावर या क्रमानं पाहा:

१. चारही तुकडे जोडा. सांधा आत पूर्ण बसला तरी वरच्या आणि खालच्या तुकड्यात काही मिलिमीटरची फट राहिली तर ती दोष नव्हे, बऱ्याच रॉडना ती मुद्दाम ठेवलेली असते. पण हलवल्यावर टक्टक् आवाज आला तर सांधा सैल आहे, परत करा.

२. एका डोळ्यानं मुठीकडून टोकाकडे बघा. सगळी कडी एका रेषेत हवीत. सांध्यावर फिरवून रेषेत येत असतील तर ठीक. एकाच तुकड्यावरची दोन कडी वाकडी असतील तर तो बनावटीचा दोष.

३. मुठीजवळच्या एक-दोन मोठ्या कड्यांत चिनी मातीसारखं आतलं वळं असतं. त्यातून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तडा आहे, आणि तो तडा लाइन सोलून काढेल.

४. रील बसवायची जागा धातूची आणि गंज न धरणारी हवी. लाकडी सजावट छान दिसते, खाऱ्या पाण्यात फुगते. रीलचा पाय बसवून आवळा आणि जोरात हलवा.

५. मुठीच्या मागे दोन-तीन सेंटिमीटरचा बुंधा हवा. तांबोशी ओढायला लागली की तो पोटाला टेकवावा लागतो. ट्राउटच्या रॉडला तो सहसा नसतो, त्यामुळे चुकीचा रॉड ओळखण्याची ही सर्वांत झटपट खूणही आहे.

सेकंडहँड रॉड मिळत असेल तर याच तपासण्यांशिवाय प्रत्येक तुकड्यावरून नख फिरवा. जड फ्लाय आदळल्याची बारीक खाच नखाला लागते, आणि रॉड पुढे त्याच जागी मोडतो.

रॉड का मोडतात: मासा ओढताना क्वचितच. मोडतात ते गाडीच्या दारात, रिक्षाच्या छपरात, आणि मासा पायाशी आल्यावर रॉड सरळ उभा करून मागे नेल्यानं. तेव्हा सगळा ताण टोकाच्या बारीक तुकड्यावर येतो. मासा जवळ आला की रॉड आडवा धरून बाजूला ओढा.

## टप्पा ५: रील

खाडीच्या मासेमारीत रीलचं काम लाइन नीट साठवणं आणि मासा पळाला तर सारखा, न अडखळता ब्रेक देणं एवढंच आहे. फेकण्यात रीलचा भाग नाही, फ्लाय ओढायचा तोही हातानं. त्यामुळे थोडे पैसे वाचवायचे असतील तर इथे वाचवा. पण खालच्या चार गोष्टींवर तडजोड नको.

ॲल्युमिनियमचं, अॅनोडाइज केलेलं हवं. साच्यात ओतलेलं साधं रील थोडं स्वस्त पडतं, पण कातळावर एकदा आपटलं की कड फुटते आणि चकती (जिच्यावर लाइन गुंडाळली जाते ती) घासायला लागते. चकतीचा मधला गाभा मोठा हवा, म्हणजे लाइन मोठ्या वेटोळ्यांत राहते आणि भराभर गुंडाळता येते. ब्रेक डिस्कचा हवा. नुसता खटखट वाजणारा स्प्रिंगचा ब्रेक कोकरालाही थांबवत नाही. आणि क्षमता "डब्ल्यूएफ-८ अधिक १०० मीटर बॅकिंग" एवढी तरी हवी. पूर्ण बंद, पाणी न शिरणारा ब्रेक उत्तमच, पण तो महाग पडतो. उघडा ब्रेक असलेलं रील धुण्याची सवय असेल तर वर्षानुवर्षं चालतं.

तपासणी: ब्रेक निम्म्यावर ठेवा आणि लाइन हातानं अगदी हळू ओढा. सुरुवातीला अडकून मग एकदम सुटत असेल, तर त्या धक्क्यालाच लीडर तुटणार. चकती एका बाजूला कलत नाही ना, स्क्रू चुंबकाला घट्ट चिकटत नाहीत ना, हेही पाहा. जे घट्ट चिकटतात ते बहुधा साध्या लोखंडाचे असतात आणि लवकर गंजतात.

## टप्पा ६: बॅकिंग, लीडर आणि फ्लाय

बॅकिंग. २० पौंडी (सुमारे २० पौंडांच्या ताणाला तुटणारा) डेक्रॉनचा दोरा, १०० मीटर. त्याऐवजी साधा तंगूस गुंडाळू नका. मोठ्या ओढीत तो ताणून घट्ट बसतो, आणि मग पुन्हा आखूड होताना चकती दाबून वाकडी करतो. बारीक ब्रेडही (विणलेला गरीचा दोरा) नको. तो स्वतःच्याच थरांत रुततो आणि बोट कापतो.

लीडर. ९ फुटी तयार लीडर विकत घेऊ नका, घरी बांधा. इथे मात्र किनाऱ्यावरच्या दुकानातला चांगला तंगूस उपयोगी पडतो. लाइनकडून फ्लायकडे जाताना:

- ४० पौंडी (साधारण ०.६० मिमी), १२० सेंमी
- ३० पौंडी (साधारण ०.५० मिमी), ६० सेंमी
- २० पौंडी (साधारण ०.४० मिमी), ४५ सेंमी
- पुन्हा ४० पौंडी, ३० सेंमी

शेवटचा जाड तुकडा जिताड्याच्या कल्ल्यासाठी आहे. तो "माशाला दिसेल" म्हणून गाळला जातो आणि मग पहिलाच बरा मासा फ्लाय घेऊन जातो. मधला २० पौंडी तुकडा मुद्दाम सगळ्यात कमकुवत ठेवला आहे. फ्लाय मुळांत अडकला तर तिथेच तुटावं, लाइन वाचावी.

फ्लाय. तीन प्रकार, प्रत्येकी तीन-चार नग, पुरे. पहिला क्लाउझर मिनो, १/० गळावर, पांढरा-हिरवट आणि पांढरा-तपकिरी. धातूचे डोळे असल्यानं तो उलटा, गळाचं टोक वर ठेवून पोहतो आणि तळाशी कमी अडकतो. दुसरा डिसिव्हर, बोयटासारखा लांबट. तिसरा कोळंबीसारखा, २ नंबरच्या गळावर. गळ स्टेनलेस किंवा टिनचा मुलामा दिलेला हवा. ट्राउटच्या फ्लायचे तपकिरी गळ एका खाऱ्या फेरीत गंजतात आणि शेजारच्या फ्लायलाही गंज लावतात. गळाची उलटी दाढ पकडीनं चेपून टाका. मासा आणि तुमचं बोट, दोन्ही सोडवणं सोपं होतं.

स्वतः फ्लाय बांधायला लागलात तर डिसिव्हरच्या शेपटीला गावठी कोंबड्याच्या पाठीवरची लांब, निमुळती पिसं उत्तम चालतात. सौम्य साबणानं धुवून सावलीत वाळवा.

## टप्पा ७: जे विसरलं जातं

ध्रुवीकृत काचांचा चष्मा आणि टोपी ही चैन नाही. वजनदार फ्लाय डोळ्याच्या उंचीवरून जातो, म्हणून चष्म्याशिवाय फेकायचंच नाही, पहाटेही नाही. लांब तोंडाची पक्कड आणि तंगूस कापायचं छोटं कटर गळ्यात हवं.

कालवं चिकटलेल्या दगडांवर उभं राहणार असाल तर ओढलेली लाइन पायाशी पडू देऊ नका. कालवाच्या धारेवर लाइनचं आवरण एका ओढीत सोललं जातं. त्यासाठी पसरट प्लास्टिकचा टब घ्या, तळाला भोकं पाडा, आत सात-आठ केबल टाय उभे राहतील असे बसवा आणि पट्ट्यानं कमरेला बांधा. लाइन त्यात साठते, टायमुळे गुंतत नाही. बाजारातल्या महाग बास्केटचं काम हा टब चोख करतो.

पायात जाड तळव्याचे, मागून बंद बूट. वाळूच्या तळावर पाऊल उचलून न टाकता घासत न्या, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच बाजूला होते. कांदळवनाच्या कडेला मऊ गाळ असेल तिथे पाण्यात उतरू नका, काठावरूनच फेका. एकट्यानं जाऊ नका आणि भरतीची वेळ पाहूनच जा.

## टप्पा ८: जुळणी

हे काम घरी, उजेडात, सावकाश करा. प्रत्येक गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी गाठ घर्षणानं तापून तिथेच कमकुवत होते.

१. हँडल डावीकडे की उजवीकडे हे आधी ठरवा. उजव्या हातानं फेकणाऱ्यानं रील डाव्या हातानं फिरवणं सोयीचं. ब्रेकची दिशा त्यानुसार पालटावी लागते. हे विसरलं की लाइन उलट दिशेला जड आणि पळण्याच्या दिशेला मोकळी राहते.

२. बॅकिंग किती बसेल हे माहीत नसेल तर आधी लाइन गुंडाळा, तिच्यावर बॅकिंग, आणि कडेला पाच मिलिमीटर जागा राहिली की कापा. मग मोकळ्या मैदानावर सगळं काढून उलट्या क्रमानं भरा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

३. बॅकिंग चकतीच्या गाभ्याभोवती फिरवा, सुट्या टोकानं मुख्य दोऱ्याभोवती साधी गाठ मारा, सुट्या टोकावर आणखी एक साधी गाठ मारा आणि ओढा. दोन्ही गाठी एकमेकींना अडून गाभ्याशी घट्ट बसतात. आता दोन बोटांत ताण ठेवून, डावी-उजवीकडे पसरवत गुंडाळा.

४. इथे थांबा. लाइनच्या एका टोकाला "हे टोक रीलकडे" अशा अर्थाची चिठ्ठी असते. तेच टोक बॅकिंगला जोडायचं. चिठ्ठी हरवली असेल तर दोन्ही टोकांकडचे चार-पाच मीटर हाताळून पाहा: लांबवर एकसारखी बारीक राहणारी बाजू रीलची, लवकरच जाड होत जाणारी बाजू फ्लायची. लाइन उलटी भरणं ही नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे. उलट्या लाइननं कोणालाही फेकता येत नाही.

५. बॅकिंगला तीसेक सेंटिमीटरचा मोठा फास करा, तो लाइनच्या मागच्या फासातून ओवा, त्यातून रील किंवा लाइनची पूर्ण गुंडी पार करा आणि ओढा. दोन्ही फास एकमेकांत सारखे अडकलेले दिसायला हवेत. एक फास दुसऱ्यावर दुमडून बसला असेल तर सोडून पुन्हा करा, नाहीतर तो कापत जातो.

६. लाइनची गुंडी पेन्सिलवर घालून फिरू द्या. गुंडी टेबलावर आडवी ठेवून लाइन वरून ओढली तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ बसतो आणि तो हंगामभर त्रास देतो.

७. लीडरचे तुकडे जोडताना दोन्ही टोकं पंधरा सेंटिमीटर एकमेकांवर ठेवा, दोन्ही मिळून एक सैल फास करा, टोकं त्यातून दोनदा काढा, ओलं करा आणि चारही बाजूंनी एकदम ओढा.

८. फ्लायला सरकणारी गाठ नको, मोकळा फास हवा, म्हणजे जाड तंगुसावरही फ्लाय हलतो. टोकापासून दहा सेंटिमीटरवर सैल साधी गाठ ठेवा, टोक गळाच्या डोळ्यातून आणा, त्याच साध्या गाठीतून ज्या बाजूनं बाहेर आलं त्याच बाजूनं परत न्या, मुख्य तंगुसाभोवती चार वेढे द्या, पुन्हा साध्या गाठीतून काढा आणि आवळा.

तपासणी: गळ एखाद्या घट्ट खिळ्यात अडकवून, चष्मा घालून, दूर उभं राहून ओढा. नंतर लीडर ताणकाट्याला बांधा आणि लाइन थेट रीलवरून ओढत ब्रेक दोन ते सव्वादोन किलोवर लावा. २० पौंडी तुकड्याच्या ताकदीचा हा साधारण चौथा भाग आहे. तांबोशीच्या पहिल्या झेपेला जास्त ताण लागला तर तो बोटानं लाइन दाबून द्या, ब्रेक जाम करून नव्हे.

## टप्पा ९: आधी मैदान, मग खाडी

शाळेचं किंवा क्रिकेटचं गवताळ मैदान निवडा. डांबर आणि काँक्रीट लाइन खरवडतं, कापणी झालेल्या भातखाचरात ती खुंटांना अडकते. फ्लायऐवजी लोकरीचा रंगीत तुकडा बांधा.

लाइन कड्यांतून ओवताना टोक नव्हे, लाइन दुमडून तिचा फास ओवा. हातातून सुटला तरी तो खालपर्यंत घसरत नाही. मग कडी मोजा, एखादं सुटलेलं असतंच. टोकापुढे नऊ मीटर लाइन ठेवून वीस मिनिटं फेका आणि पाहा: रॉडचा वरचा निम्मा भाग वाकतो का, लीडर सरळ उलगडतो का, सांधे सैल होतात का. लीडर ढिगासारखा पडत असेल तर मधला ३० पौंडी तुकडा पंधरा सेंटिमीटरनं कापा. सांधे सैल होत असतील तर मेणबत्तीचं मेण नराच्या सांध्यावर हलकं चोळा, पाव वळण तिरकं घालून सरळ करत बसवा.

नऊ मीटर सलग नीट जाईपर्यंत पंधराच्या मागे लागू नका. फेकीतल्या चुका खाडीवर दुरुस्त होत नाहीत, कारण तिथे लक्ष माशाकडे असतं.

## टप्पा १०: त्याच दिवशी धुणं

स्वस्त सामान टिकवण्याचा सगळा भार इथे आहे, आणि हे दुसऱ्या दिवसावर टाकलं की मीठ सांध्यांत आणि स्क्रूत सुकतं.

रीलचा ब्रेक आधी घट्ट करा, मग गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धरा. जोराचा फवारा मारू नका, तो मीठ आणि वाळू ब्रेकच्या आत ढकलतो. धुतल्यावर चकती काढा, ब्रेक पूर्ण सैल करा, सावलीत वाळवा आणि सैलच ठेवा. घट्ट ठेवलेला ब्रेक चिकटून बसतो. रॉडचे तुकडे सुटे करून कडी आणि रीलची जागा ओल्या फडक्यानं पुसा. लाइनची वापरलेली लांबी कोमट पाण्यात, सौम्य साबणात बुडवून फडक्यातून ओढून घ्या. लाइनला खोबरेल, पेट्रोल, डास पळवणारं मलम किंवा सनस्क्रीन लागू देऊ नका. डासांच्या मलमातलं डीईईटी हे रसायन आवरण विरघळवतं. ते हातांना लावलं असेल तर लाइन धरण्याआधी हात धुवा. आज वापरलेले फ्लाय डबीत परत टाकू नका, आधी धुवून वाळवा.

सांधा अडकला तर पकडीनं पिळू नका. दोघांनी रॉडच्या दोन्ही तुकड्यांवर एकेक हात ठेवून, न पिरगळता, सरळ रेषेत ओढा.

जूनमध्ये सामान ठेवताना रॉड ओल्या कापडी पिशवीत किंवा बंद नळकांड्यात कोंडू नका. आपल्या दमट हवेत बुचाच्या मुठीला बुरशी येते आणि कड्यांभोवतीचं लेपन फुगतं. तुकडे सुटे, उभे, भिंतीपासून दूर ठेवा. लाइन रीलवरून काढून मोठ्या सैल वेटोळ्यांत खुंटीला टांगा. ऑक्टोबरात पुन्हा काढाल तेव्हा लीडर पूर्ण नवा बांधा, बॅकिंगची गाठ ओढून पाहा, लाइनचा पुढचा मीटरभर भाग बोटांत फिरवून भेगा शोधा, आणि प्रत्येक गळ नखावर टेकवून धार तपासा. नखावरून घसरणारा गळ कानशीनं घासा किंवा टाकून द्या.